६० पेन्सचा लेट्यूस आणि एका पंतप्रधानांची मुदत

आइसबर्ग लेट्यूसचा, म्हणजे सॅलडच्या कोबीसारख्या पालेभाजीचा, गड्डा फ्रिजबाहेर राहिला की आधी देठ तांबूस पडतो. मग बाहेरच्या पानांच्या कडा तपकिरी होतात, पानं मान टाकतात, आणि आठवडा उलटला की आतून चिकट पाणी सुटायला लागतं. इंग्लंडमध्ये घर चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं. आठवड्याच्या बाजारात हा गड्डा असतोच, आणि त्यातला निम्मा बहुतेक वेळा फेकावा लागतो.

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी 'डेली स्टार' या ब्रिटिश टॅब्लॉइडने टेस्को सुपरमार्केटमधून ६० पेन्सला आणलेला असाच एक गड्डा टेबलावर ठेवला. शेजारी पंतप्रधान लिझ ट्रस यांचा फ्रेम केलेला फोटो उभा केला, समोर कॅमेरा लावला आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. दोघांपैकी आधी कोण जातं, एवढाच प्रश्न होता. गड्ड्याची मुदत दहा दिवस धरलेली होती. सहा दिवसांनी, २० ऑक्टोबरला, ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. गड्डा तेव्हा कोमेजला होता, पण टेबलावर होता.

सत्तेवर बसलेल्या सरकारवर मीममधून टीका केली तर तिचा नेमका काय उपयोग होतो, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही. मी लंडनच्या उपनगरात राहते. त्या ४९ दिवसांच्या सरकारची किंमत आमच्या घराने दर महिन्याच्या हप्त्यात मोजली आहे, त्यामुळे हे मी त्रयस्थपणे लिहू शकत नाही आणि तसा आवही आणणार नाही.

सरकार कसं आलं, घरात काय आलं

जुलै २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या मंत्र्यांनी एकामागून एक राजीनामे देऊन त्यांना पायउतार व्हायला लावलं. ब्रिटनमध्ये सत्ताधारी पक्षाने नेता बदलला की पंतप्रधान बदलतो, त्यासाठी सार्वत्रिक निवडणूक घ्यावी लागत नाही. हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या खासदारांनी ऋषी सुनक आणि लिझ ट्रस ही दोन नावं पुढे काढली आणि शेवटचा कौल पक्षाच्या वर्गणीदार सदस्यांनी दिला. ट्रस यांना ८१,३२६ मतं पडली, सुनक यांना ६०,३९९. सुमारे पावणेसात कोटी लोकांच्या देशाचा पंतप्रधान इतक्या मतांवर ठरला. उधारीवर करकपात केली तर महागाई आणि व्याजदर भडकतील, असं सुनक प्रचारात जाहीर सभांमधून सांगत होते. सदस्यांनी ते ऐकलं आणि ट्रस यांना निवडलं.

६ सप्टेंबरला बाल्मोरल इथे राणी एलिझाबेथ यांनी ट्रस यांची नेमणूक केली. ८ तारखेला राणी गेल्या आणि १९ तारखेच्या अंत्यसंस्कारापर्यंत देश दुखवट्यात होता. राणी गेल्या त्याच दिवशी अर्थखात्याचे सर्वांत ज्येष्ठ सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना पदावरून हटवल्याची बातमी आली. त्या गडबडीत ती नुसती वाचली गेली, तेवढंच.

२३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी मिनी-बजेट मांडलं. त्यात सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात होती आणि हा पैसा कुठून भरून काढणार, याचा हिशेब नव्हता. सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा ४५ टक्के कर रद्द केला होता, कंपनी कराची ठरलेली वाढही रद्द केली होती. सरकारच्या जमाखर्चाचं स्वतंत्र भाकीत करणारी ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे ओबीआर, ही संस्था आहे. तिचं भाकीत सोबत जोडलेलंच नव्हतं. सोमवारी, २६ तारखेला, पौंड १.०३ डॉलरच्या आसपास घसरला, इतिहासातल्या नीचांकावर. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडने दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे विकत घ्यायला ६५ अब्ज पौंडांपर्यंतची तयारी जाहीर केली, कारण पेन्शन फंड रोखे विकत सुटले होते आणि त्या विक्रीने भाव आणखी पडत होते.

आमच्या गृहकर्जाचा दोन वर्षांचा ठरलेला दर नोव्हेंबरमध्ये संपत होता. ब्रोकरने सप्टेंबरच्या मध्यालाच एक ऑफर काढून ठेवली होती, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. ब्रोकर मूळचा नाशिकचा, आमच्याशी मराठीतच बोलतो. मिनी-बजेटनंतरच्या मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. "ताई, ती ऑफर बँकेने काढून घेतली. दुसरी एक आहे, पण आज पाचपर्यंतच. उद्या ती असेल का, ते मला सांगता येत नाही." मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. वहीच्या पाठीमागच्या पानावर आकडे लिहून नवऱ्याला फोटो पाठवला आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी होकार कळवला. देशातला दोन वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर मिनी-बजेटच्या दिवशी ४.७४ टक्के होता, २० ऑक्टोबरला तो ६.६५ टक्के झाला. दोन लाख पौंडांच्या पंचवीस वर्षांच्या कर्जावर हा फरक महिन्याला सुमारे २३० पौंड पडतो. ज्यांचा दर त्याच आठवड्यांत संपत होता, त्यांनी तो भरला.

लेखातली उपमा टेबलावर

लेट्यूसची कल्पना मूळची स्टारची नव्हे. ११ ऑक्टोबरला 'इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाने ट्रस यांच्यावर अग्रलेख लिहिला. दुखवट्याचे दहा दिवस वजा केले तर बाईंच्या हाती सूत्रं राहिली ती जेमतेम सात दिवस, साधारण एका लेट्यूसच्या आयुष्याइतकी, असं त्यात म्हटलं होतं. शीर्षक होतं 'आइसबर्ग लेडी'. मार्गारेट थॅचर यांना 'आयर्न लेडी' म्हणत आणि ट्रस थॅचरबाईंचा वारसा सांगत, म्हणून ती कोटी वर्मी बसणारी होती.

इकॉनॉमिस्टने होऊन गेलेल्या दिवसांची मोजदाद केली होती. स्टारने तीच मोजदाद पुढच्या दिवसांवर लावली आणि तिची पैज केली. माझ्या मते या मीमचं सगळं बळ इथे आहे. टीका ऐकून माणूस मान डोलावतो किंवा वाद घालतो आणि आपल्या कामाला लागतो. पैजेचा मात्र निकाल लागायचा असतो, तो लागेपर्यंत माणूस घुटमळतो. शिवाय या पैजेत खोटं बोलायला जागाच नव्हती. कुणाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलेलं नव्हतं, फोटोत फेरफार नव्हता. भाजी खरी, फोटो खरा, वेळ खरी. पंतप्रधान दहा दिवस टिकल्या असत्या तर वर्तमानपत्र हरलं असतं आणि ते सगळ्यांना दिसलं असतं. टीका करणाऱ्यानेही काहीतरी पणाला लावलं होतं, आणि राजकीय मीममध्ये हे क्वचित दिसतं.

लोक हे इतकं का बघत होते, याचं उत्तर मी ब्रिटनच्या राज्यव्यवस्थेत शोधते. पुढची निवडणूक जानेवारी २०२५ पर्यंत कधीही घेतली तरी चालणार होती. हुजूर पक्षाच्या नियमानुसार नव्या नेत्याविरुद्ध वर्षभर अविश्वासाचा ठराव येऊ शकत नव्हता. म्हणजे हप्ता वाढलेल्या माणसाने करायचं काय? मत द्यायला निवडणूक नाही, आणि खासदाराला पत्र लिहिलं तर त्याचेही हात नियमाने बांधलेले. रोखेबाजार बाईंचं भवितव्य ठरवत होता, पण तो तर सामान्य माणसाला दिसतही नाही. गड्डा दिसत होता. त्या महिन्यात महागाई ११.१ टक्के होती आणि खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षभरात १६.४ टक्क्यांनी महागल्या होत्या, त्यामुळे सुपरमार्केटमधल्या भाजीची किंमत ही घराघरातली रोजची गोष्ट होती. सरकारचा अंदाज बांधायला लोकांना त्यांच्याच पिशवीतलं माप मिळालं.

मी स्वतः ते प्रक्षेपण स्वयंपाकघरात ओट्यावर फोन टेकवून बघत असे. पडद्यावर काहीही घडत नसे. पोळ्या होईपर्यंत तो गड्डा तसाच असे. बाजूला अनोळखी लोकांच्या ओळी सरकत असत: कुणाचं कर्ज, कुणाची आई पेन्शनवर, कुणाचं दुकान. कुणीतरी लिहायचं की देठ बघा, काल इतका लाल नव्हता. मला त्या ओळींची सोबत वाटायची, हे मी मोकळेपणाने सांगते.

तो आठवडा

प्रक्षेपण सुरू झालं त्याच शुक्रवारी ट्रस यांनी क्वार्टेंग यांना काढलं, जेरेमी हंट यांना अर्थमंत्री केलं आणि कंपनी करावर घूमजाव केलं. वरच्या करावरचं घूमजाव ३ ऑक्टोबरलाच झालं होतं. पत्रकार परिषद आठेक मिनिटांत आटोपली, प्रश्न चार घेतले. सोमवारी हंट यांनी मिनी-बजेटमधल्या जवळपास सगळ्याच करकपाती मागे घेतल्या. त्या दिवशी संसदेत पंतप्रधानांच्या जागी सभागृह नेत्या पेनी मॉर्डंट उत्तर द्यायला उभ्या राहिल्या आणि विरोधकांच्या टोमण्यावर त्यांना सांगावं लागलं की पंतप्रधान टेबलाखाली लपलेल्या नाहीत. बुधवारी ट्रस सभागृहात म्हणाल्या, मी लढणारी आहे, सोडून जाणारी नाही. त्याच प्रश्नोत्तरांत विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी ट्रस यांच्यावर येणाऱ्या एका पुस्तकाचा उल्लेख केला: म्हणे ते 'नाताळपर्यंत बाहेर' येणार आहे, ही प्रकाशनाची तारीख की पुस्तकाचं नाव? ही मोजणीही लेट्यूसच्याच जातीची. मोजदाद तोवर टेबलावरून सभागृहात पोहोचली होती. संध्याकाळी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन गेल्या, रात्री फ्रॅकिंगवरच्या (जमिनीखालचा खडक फोडून वायू काढण्यावरच्या) मतदानात सत्ताधारी खासदारांमध्येच ढकलाढकलीचे आरोप झाले. गुरुवारी दुपारी सगळं संपलं.

स्टारच्या टेबलावर रंगीत दिवे लागले आणि राष्ट्रगीत वाजलं. रशियाचे माजी अध्यक्ष मेदवेदेव यांनी ट्विटरवर लेट्यूसचं अभिनंदन केलं. ते वाचून मला बरं वाटलं नाही. आपल्या घरातलं भांडण शेजारच्या गुंडाने टाळ्या पिटत बघावं, तसं वाटलं. सर्वांत अल्पकाळ टिकलेल्या पंतप्रधानांचा विक्रम तोवर १८२७ मध्ये पदावर असताना ११९व्या दिवशी वारलेल्या जॉर्ज कॅनिंग यांच्या नावावर होता.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. मधल्या दिवसांत गड्ड्याला डोळे चिकटवले, सोनेरी टोप घातला. तिथे मीमचं वजन घटलं. नुसता गड्डा कारभाराचं माप होता, टोप घातल्यावर तो बाईंच्या दिसण्याची नक्कल झाला. पुरुष पंतप्रधानांचीही अशी नक्कल होते, हे खरं. जॉन्सन यांच्या केसांवर काय कमी लिहिलं गेलं? तरी, हसवण्याच्या नादात मापाला हात लावू नये असं माझं मत आहे.

वर्तमानपत्राला जमलं, टीव्हीला का जमलं नसतं

ब्रिटनमध्ये दूरदर्शन आणि रेडिओच्या वाहिन्यांवर ऑफकॉम या नियामकाची निष्पक्षतेची सक्ती असते. पंतप्रधान कधी जातात याची पैज बीबीसीने आपल्या बातम्यांत लावणं अशक्यच. वर्तमानपत्रांना बाजू घेण्याची मुभा आहे. मत आणि बातमी वेगळी दिसली पाहिजे, एवढं पुरतं. संसदेतलं चित्रण राजकीय विडंबनासाठी किंवा करमणुकीसाठी वापरायला तर तिथल्या नियमांनी मनाईच आहे. म्हणजे मॉर्डंट यांच्या त्या उत्तराची दृश्यं कापून विनोदी कार्यक्रमात लावता येत नाहीत. लेट्यूसला कुठल्याच दृश्याची गरज पडली नाही.

दुसऱ्या बाजूने कायद्याचं संरक्षण भक्कम आहे. १९९३ मध्ये डर्बीशायर कौन्सिल या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निर्णय दिला की सरकारी संस्थांना बदनामीचा दावा लावता येणार नाही, कारण लोकशाहीत सरकारवर टीका मोकळेपणाने झाली पाहिजे. ऑक्टोबर २०१४ पासून कॉपीराइट कायद्यातही विडंबनासाठी अपवाद आहे, म्हणून दुसऱ्याचा फोटो वाजवी मर्यादेत वापरून मीम बनवणारा चोर ठरत नाही. व्यक्ती म्हणून मंत्र्याला दावा करता येतो, पण भाजीशी केलेल्या तुलनेवर कोणता दावा उभा राहणार?

मीमने काय झाकलं

लेट्यूसने सरकार पाडलं, असं आजही सहज म्हटलं जातं. ते खरं नाही. सरकार पाडलं रोख्यांच्या भावांनी आणि हुजूर पक्षाच्या खासदारांनी. गुरुवारी सकाळी खासदारांच्या समितीचे अध्यक्ष ग्रॅहम ब्रेडी डाउनिंग स्ट्रीटवर गेले, तेव्हा खेळ उरला नव्हता. गड्ड्याने फक्त सगळ्यांना एकाच घड्याळाकडे बघायला लावलं.

त्या घड्याळावर एकच चेहरा होता, आणि माझी तक्रार इथे आहे. मिनी-बजेटची वाहवा करणारे खासदार त्या फ्रेममध्ये नव्हते. ट्रस यांना निवडणारे ८१ हजार सदस्य नव्हते. पेन्शन फंडांनी रोखे तारण ठेवून, कर्ज काढून केलेली गुंतवणूक वर्षानुवर्षं वाढत होती आणि तिच्यावर देखरेख कुणी नीट केली नव्हती, तेही तिथे नव्हतं. बँक ऑफ इंग्लंडला शेवटी १९.३ अब्ज पौंडांचे रोखे घ्यावे लागले, त्याचं मुख्य कारण हेच, पण माझ्या ओळखीच्या दहा माणसांना विचारलं तर एकालाही ते सांगता येणार नाही. लेट्यूस दहाही जणांना आठवतो. बाई गेल्या की प्रश्न मिटला, अशी समजूत या मीमने पसरवली आणि तिचा फायदा बाईंच्या मागे उभ्या राहिलेल्या सगळ्यांना झाला.

चेहरा लक्षात ठेवण्यात मात्र ते मीम फार चिवट निघालं. ट्रस त्याला पोरकट म्हणाल्या. जुलै २०२४ मध्ये साउथ वेस्ट नॉरफोक या मतदारसंघात, जिथे २०१९ ला त्यांचं मताधिक्य २६ हजारांवर होतं, त्या मजूर पक्षाच्या उमेदवाराकडून ६३० मतांनी हरल्या. पुढच्याच महिन्यात सफोकमध्ये बेकल्स इथे त्या व्यासपीठावर बोलत असताना 'लेड बाय डॉन्कीज' या राजकीय विडंबन करणाऱ्या गटाने मागे एक फलक उलगडला: डोळे लावलेला लेट्यूस आणि खाली 'अर्थव्यवस्था मी बुडवली' अशा अर्थाचे शब्द. हे विनोदी नाही, असं म्हणत त्या उठून गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या वकिलांनी पंतप्रधान स्टार्मर यांना नोटीस पाठवली की ट्रस यांनी अर्थव्यवस्था बुडवली असं म्हणणं थांबवा. सरकारने ते थांबवायला नकार दिला.

तेच हत्यार मग मजूर पक्षाच्या सरकारवर फिरलं, आणि ते फिरलंच पाहिजे. जुलै २०२४ च्या अखेरीस साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर चाकूहल्ला झाला, हल्लेखोराचं खोटं नाव समाजमाध्यमांवर पसरलं आणि देशभर दंगली उसळल्या. तेव्हा पोलीस दोन गटांना दोन न्याय लावतात, असा आरोप करणारं 'टू-टियर कीर' (दोन मापांचा कीर) हे यमक घराघरात पोहोचलं. आरोप पटो न पटो, ती टीका आहे, आणि तिचं उत्तर देणं पंतप्रधानांचं काम आहे. पण त्याच दिवसांत 'टेलिग्राफ' या वर्तमानपत्राच्या बातमीसारखं हुबेहूब दिसणारं एक बनावट चित्रही फिरलं: दंगलखोरांसाठी दूर दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर छावण्या उभारणार म्हणे. इलॉन मस्क यांनी ते पुढे पाठवलं आणि नंतर काढून टाकलं. लेट्यूस बघणाऱ्याला ठाऊक होतं की आपण एक पैज बघतोय. ते चित्र बघणाऱ्याला वाटलं की आपण बातमी वाचतोय. दोन्हींना आपण मीम हाच शब्द वापरतो, आणि त्यामुळे दुसऱ्याची पापं पहिल्याच्या माथी मारायला प्रत्येक सरकारला सोपं जातं.

मी अजूनही विचार करते की त्या टेबलावर आणखी काय ठेवायला हवं होतं. ओबीआरने आपल्या भाकिताचा मसुदा ६ सप्टेंबरलाच, क्वार्टेंग यांच्या पहिल्या दिवशी, त्यांच्याकडे दिला होता, आणि मिनी-बजेटच्या वेळेपर्यंत तो अद्ययावत करून देण्याची तयारीही दाखवली होती. अर्थमंत्र्यांनी तो मागितला नाही. फोटोशेजारी तो न मागितलेला अहवाल म्हणून कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा ठेवला असता, तर कदाचित त्याबद्दल कुणी विचारलं असतं. त्यावरचा उपाय सप्टेंबर २०२४ मध्ये आला. 'बजेट रिस्पॉन्सिबिलिटी अ‍ॅक्ट'नुसार राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याइतके मोठे कर किंवा खर्चाचे निर्णय आता ओबीआरच्या तपासणीशिवाय जाहीर करता येत नाहीत, आणि सरकारने टाळाटाळ केली तर ओबीआर आपणहून अहवाल देऊ शकते. तो कायदा मंजूर झाला त्या दिवशी मी बातम्यांची पानं चाळली. एक मध्यम आकाराचा मजकूर आतल्या पानावर होता. तो कापून मी आमच्या गृहकर्जाच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे, त्या मंगळवारी जिन्यात आकडे लिहिलेल्या पानाच्या मागे.